नव्या बॅटरीला पाणी लागत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज नवी बॅटरी आली. सोलरवाल्याने एका हाताने उचलून आणली, जशी काही भाजीची पिशवी. चाळीस वर्षं मी बॅटरीच्या दुकानात घालवली, त्यात एका हाताने बॅटरी आणणारा माणूस पाहिला नाही. एवढी हलकी, मग आत आहे तरी काय, असं विचारलं. "लिथियम, काका." बरं, आणि पाणी कुठून घालायचं? तो हसला. पाणी घालायचं नाही, झाकण उघडायचं नाही, अॅसिडची ग्रॅव्हिटी मोजायची नाही. मग माणसाने करायचं काय? तिच्या तोंडाकडे बघत बसायचं?

सूनबाईंनी मागवली. मला न विचारता मागवली असं म्हणणार नाही. विचारलं होतं, मी "बघू" म्हटलं होतं. आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही", हे सात वर्षांत कळायला हवं होतं. की कळूनच मागवली?

जेवताना मी एक शब्द बोललो नाही. तिने दोनदा वाढलं, मी दोनदा खाल्लं. राग जेवणावर काढायचा नसतो.

४ फेब्रुवारी

काल रागात लिहिलं. आज नीट लिहून ठेवतो.

विजेची तार खाली खाणीपर्यंतच येते. वर आमचं एकटं घर. छपरावर पॅनेल, आत बॅटऱ्या, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी, अशी आमची व्यवस्था वीस वर्षं चाललीय. दिवे, पंखा, रेडिओ, पाण्याचा पंप. कधी कुणी अंधारात जेवलं नाही. पण आता सूनबाईंना अंडी उबवायची आहेत. साठ अंड्यांची पेटी आणलीय. तिला एकवीस दिवस, दिवसरात्र, सारखी ऊब लागते. माझ्या चार बॅटऱ्यांना ते झेपणार नाही असं सोलरवाला म्हणाला. म्हणू दे.

खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कोंबड्या पाळतात. त्यांनी चाळीस पिल्लं सांगितलीत. यावर पुढचं सगळं अडलंय. चिरंजीव शहरात नोकरीला. त्याची आई, आमची ही, गेल्यापासून त्याचा एकच धोशा, घर बंद करा आणि माझ्याकडे या. सून तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आली होती, त्याला आता चौदा महिने झाले. तो महिन्यातून दोनदा येतो आणि जाताना दारात रेंगाळतो. त्याचंही खोटं नाही, बिचाऱ्याचं. काल फोनवर तिला स्पष्टच म्हणाला, "एक खेप करून बघ. चाळीस पिल्लं निघाली तर माझं काही म्हणणं नाही. नाही निघाली तर मार्चमध्ये दोघंही इकडे."

ती "चालेल" म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावर मी काय करणार? लिफ्टची बटणं दाबत बसू? या घरात डोळे मिटून मला प्रत्येक बटण सापडतं. हिने लावलेला लिंबू अजून खिडकीत येतो. इथून मला हलवलं तर मी फार दिवस चालायचो नाही, हे मी कुणाला सांगणार नाही, इथे लिहितो.

सूनबाई का थांबतात ते मात्र कळत नाही. परसातल्या कोंबड्यांचा लळा लागला असावा.

६ फेब्रुवारी

"बाबा, त्या चार जुन्या भंगारात देऊन टाका. परवा एक उचलताना तुम्ही दारात बसलात, मी बघितलं."

"बसलो नव्हतो. टेकलो होतो."

"बरं, टेकलात. पण द्या."

मी म्हटलं देतो. आणि दुपारी ती कोंबड्यांकडे गेल्यावर हातगाडीवर एकेक ठेवून चारही मागच्या शेडमध्ये नेल्या, गोणपाट टाकून झाकल्या. भंगारवाला येऊन गेला असं सांगितलं. या वयात खोटं बोलताना कान गरम होतात हे नव्याने कळलं. पण त्या बॅटऱ्या मी स्वतः जोडल्यात, दर महिन्याला पाणी पाजलंय. दारातून कुत्रं हाकलताना माणूस विचार करतो, या तर घरच्या.

८ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी साठ अंडी पेटीत गेली. सूनबाईंनी प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून तीनदा फिरवायची, म्हणजे आतलं पिल्लू एका बाजूला चिकटत नाही. कोंबडी हे चोचीने करते, तिला फुली लागत नाही. असं मी म्हटलं तर म्हणाली, "मग कोंबडीला बोलवा, मी झोपते."

तोंडाला तोंड देते. हिच्यासारखीच.

११ फेब्रुवारी

पाणी न मिळालेली बॅटरी आणि चार्ज न मिळालेली बॅटरी, दोन्ही मरतात. रिकामी ठेवली की आत पांढरं धरतं आणि मग ब्रह्मदेव आला तरी उठत नाही. शेडमध्ये माझ्या चौघी तशा पडलेल्या बघवेनात. म्हणून छपरावरून येणाऱ्या पॅनेलच्या तारेत एक फिरवायचं बटण बसवलं. खाली केलं की ऊन घरात, वर केलं की ऊन शेडमध्ये. दुपारी दोन ते चार सूनबाई धुणं घेऊन खाली पाणवठ्याकडे असते. तेवढ्या वेळात दोन तास माझ्या बॅटऱ्यांना. नव्या बाईसाहेबांना काय कमी आहे? मीटर लावून बघितलं, तेरा पूर्णांक तीन व्होल्ट. आमच्या धंद्यात बारा सात म्हणजे गळ्यापर्यंत भरलेली. ही तर उतू चाललीय.

१५ फेब्रुवारी

आज सातवा दिवस. खोलीत अंधार करून एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आत लाल रेषांचं जाळं, मध्ये एक ठिपका, आणि तो हलतो! मी चष्मा पुसून परत बघितलं. हलतो. बारा अंडी रिकामी निघाली, ती बाजूला काढली. अठ्ठेचाळीस राहिली.

सूनबाईंनी माझा हात धरून अंडं नीट टॉर्चवर बसवलं, कारण माझा हात थोडा हलत होता. अंधारात थंडी होती म्हणून असेल. "बघा बाबा, याचा डोळा." मला डोळा काही दिसला नाही, पण मी दिसला म्हटलं. ती इतकी खूश होती.

१७ फेब्रुवारी

नव्या बॅटरीचं एक खूळ आहे. तिच्यापासून चार पावलांवर उभं राहिलं की फोनवर सगळं दिसतं म्हणे. किती आत गेलं, किती बाहेर, किती वाजता. सूनबाई रोज संध्याकाळी फोन घेऊन तिथे उभी राहते आणि कधीकधी गालात हसते. चिरंजीवाचा मेसेज येत असावा. चांगलं आहे. एवढ्या लांब राहून नवरा-बायकोत हसणं टिकलंय, हेच पुष्कळ.

आज बाजारातून येताना बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आली. मी दचकलोच. म्हणाली, इस्त्रीत घालायला. इस्त्री तर आम्ही वर्षभरात काढलेली नाही. कॅन शेडच्या दाराशी ठेवला आणि विसरली. विसराळूपणा वाढलाय तिचा. माझं मात्र काम झालं.

१९ फेब्रुवारी

"बाबा, पँटला भोक कसलं पडलं?"

"जुनी आहे."

"जुन्या कापडाला भोक पडलं की कडा पिवळ्या होतात का?"

"होतात कधीकधी."

"हं," म्हणाली आणि ठिगळ लावून दिलं. अॅसिडचा डाग ओळखायला चाळीस वर्षं लागतात, तिला कुठून कळणार. पण वाचलो!

२१ फेब्रुवारी

ढग. पॅनेलवर नुसता राखाडी उजेड.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा दिवस ढगांचा. सूनबाईंनी पंप बंद ठेवलाय, पाणी हाताने आणतेय. रेडिओही बंद. मी म्हटलं, अगं, कशाला एवढं? मीटर बघ, तेरा पूर्णांक एक आहे! तीन दिवसांत काटा हलला नाही. मानलं तुझ्या बॅटरीला, हे मी मोठ्या मनाने बोललो. ती म्हणाली, "बाबा, सोलरवाला म्हणाला होता की हिचं व्होल्टेज बघून काही कळत नाही." तो पोरगा काल जन्मला. व्होल्टेज बघून कळत नाही तर मग काय, कपाळ बघून कळतं?

माझ्या शेडमधल्या चौघी मात्र बारापर्यंत उतरल्यात. आज दोन ते चार ऐवजी अकरा ते चार त्यांना दिले. होतं नव्हतं ते ऊन. भरलेल्या ताटात वाढण्यापेक्षा उपाशी पोटाला द्यावं. सूनबाई आज नर्सबाईंकडे गेली होती, संध्याकाळी दमून आली आणि फोन न बघताच झोपली.

२४ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी सहाला सूनबाईची हाक आली. "बाबा!" एवढीच. पेटीचा दिवा गेलेला, घरातला दिवा लागेना, नव्या बॅटरीवर मीटर लावलं तर शून्य. तेरा एकवरून थेट शून्य! माझी बॅटरी मरताना आधी दिवा पिवळा करते, पंखा हळू करते, माणसाला सांगून जाते. ही शेवटपर्यंत ताठ उभी राहिली आणि आतलं संपल्यावर दार लावून बसली. अठ्ठेचाळीस अंडी, सोळावा दिवस, पेटीतली ऊब सदतीसवरून सव्वीसवर.

मी म्हटलं, थांब, आणि शेडकडे धावलो. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. आता कळेल म्हातारे कशाला ठेवायचे असतात! चारही हातगाडीवर घालून आणल्या. भंगारवाल्याचं काय झालं, असं तिने विचारलं नाही. जोडल्या, मीटर लावलं, बारा सात. पेटी सुरू झाली. मी तिच्याकडे बघितलं. पस्तीस मिनिटांनी पेटी केकाटली आणि बंद पडली. परत मीटर, दहा. आत काही उरलेलंच नव्हतं. तेरा दिवस मी ऊन पाजत होतो ते फुटक्या मडक्यात.

मग गॅसवर पाणी तापवलं. होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून अंड्यांच्या कडेने ठेवल्या, वरून रजई. ती भरायची, मी बदलायचो. दर वीस मिनिटांनी. सदतीस झालं की एक बाटली काढ, पस्तीस झालं की घाल. मी दर वेळी "सॉरी" म्हणणार होतो आणि दर वेळी "बाटली दे" म्हणालो. साडेअकराला ऊन पडलं, पॅनेलमधून करंट आला, नवी बॅटरी जागी झाली. पेटीचा दिवा लागला तेव्हा सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मी रिकाम्या बाटल्या गोळा करत राहिलो.

संध्याकाळी चिरंजीवाचा फोन आला. "नवी बॅटरी बंद पडली," एवढंच तिने सांगितलं.

२५ फेब्रुवारी

आज बोललो. बटण दाखवलं, शेड दाखवली, सगळं सांगितलं. अगदी कान गरम झाल्याचंसुद्धा.

"मला माहीत होतं, बाबा. फोनवर दिसायचं ना. रोज दोन वाजता आत येणारा करंट शून्य, चार वाजता परत सुरू."

"मग बोलली का नाहीस? एवढी अंडी!"

"दोन तासांनी काही बिघडत नव्हतं, हिशोब केला होता मी. परवा अकरा ते चार कराल असं वाटलं नव्हतं. आणि रात्री फोन बघायला हवा होता, ते माझं चुकलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. शेडमध्ये जायला लागल्यापासून शीळ वाजवता. पाणवठ्यापर्यंत ऐकू यायची. ती बंद करायचं माझ्या जिवावर आलं."

मी शीळ वाजवतो हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

आणि मी सात वर्षं समजत होतो की या मुलीला "बघू" कळत नाही. माझ्या दोन तासांसाठी तिने स्वतःची अंडी धोक्यात घातली, आणि मी म्हणे मोठ्या मनाने तिच्या बॅटरीला मानत होतो! स्वतःच्या थोबाडीत मारता येत नाही म्हणून लिहून ठेवतो. ती माझ्या पोटची असती तर याहून वेगळं काय केलं असतं.

२६ फेब्रुवारी

आजपासून अंडी फिरवायची नाहीत, झाकणही उघडायचं नाही. नुसतं थांबायचं. सोलरवाला येऊन पेटीच्या वर एक छोटं मीटर लावून गेला. हे व्होल्ट दाखवत नाही, शंभरातले किती उरले ते दाखवतं. तो समजावत होता, मी गप्प ऐकत होतो. दोनदा विचारलंसुद्धा. त्याला धक्का बसला असावा.

१ मार्च, रविवार

काल सकाळी पहिलं अंडं टिचलं. आज दुपारपर्यंत पेटीत नुसता चिवचिवाट. ओली, वेडीवाकडी, एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी पिल्लं. सूनबाई मोजत होती, मी मोजत होतो, चिरंजीव सकाळीच आला होता तोही मोजत होता. तिघांचे तीन आकडे. शेवटी तेहतीस ठरले. पंधरा अंडी गप्प राहिली. सूनबाईंनी एकेक कानाशी धरून बघितलं, मग टोपलीत ठेवून झाकली.

जेवणं झाल्यावर चिरंजीव म्हणाला, "चाळीस नाहीत गं. मला वाईट वाटतंय, पण पहिल्याच महिन्यात बंद पडणारी बॅटरी घेऊन तुम्ही दोघं इथे एकटे... उद्या बाबांना काही झालं आणि फोनसुद्धा चार्ज नसला तर? बॅटरी परत करून टाकू. ठरलं होतं तसं करू."

सूनबाई ताटं उचलत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि नजर लगेच वळवली. मला कळलं, ही मरेल पण बोलणार नाही. मी गप्प राहिलो असतो तर झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात बॅटरीवाले काका म्हणून मान शिल्लक, आणि राहायला तिसरा मजला.

"बॅटरी पडली नाही," मी म्हटलं. "मी पाडली."

"म्हणजे?"

सांगितलं. बटण, शेड, अकरा ते चार, तेरा पूर्णांक एक.

"बाबा, तुम्ही? तुम्ही बॅटरीवाले!"

"म्हणूनच. दुसऱ्या कुणाला हे जमलंच नसतं."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. म्हणाला, "मग मी कशाच्या भरवशावर तुम्हाला इथे ठेवू? हिच्यावर सगळा भार टाकून?"

सूनबाईंनी ताटं खाली ठेवली. "भार कसला? सोळाव्या दिवशी बाटल्या कुणी बदलल्या? पाच तास उभे होते. तू असतास तर तेहतीस नाही, तीनसुद्धा निघाली नसती. तुला गॅस पेटवता येत नाही." यावर मात्र तो हसला. मग पिल्लांपाशी जाऊन बसला. एक त्याच्या तळहातावर झोपी गेलं, त्यामुळे त्याला उठताही येईना.

"अजून एक खेप," शेवटी म्हणाला. "आणि बाबा, शेडमधल्या त्या जायला हव्यात."

"उद्याच जातील," मी म्हटलं.

३ मार्च

नर्सबाई तेहतीस पिल्लं घेऊन गेल्या. सात पुढच्या खेपेला द्या म्हणाल्या, आणि वर आणखी तीस सांगितली.

काल भंगारवाला खरंच आला. चौघींचे नट मीच सोडवले. गाडी वळणावर गेली तरी मी पाना हातात घेऊन उभा. सूनबाई शेजारी उभी होती. "दोन ते चार आता काय करणार?" मी म्हटलं, अंडी फिरवीन. आज तिने भिंतीवर कागद चिकटवलाय. सकाळ, ती. दुपारी दोन, बाबा. रात्र, ती.

४ मार्च

नवी साठ अंडी पेटीत गेली. फुल्या मी काढल्या. वाकड्या आल्यात.

९ मार्च, सोमवार

सूनबाई सकाळच्या गाडीने शहरात गेली. चिरंजीवाला भेटायचं होतं, खाद्य आणायचं होतं. कालच म्हणाली, "दिवसभर जाते हां, बाबा." मला वाटलं आता सूचना येतील. जमेल ना, खाली कुणाला सांगून ठेवू का, फोन करत राहू का. काही नाही. चपला घातल्या आणि गेली. तिच्या फोनवर बॅटरी दिसते ती चार पावलांवरूनच, शहरातून काही दिसत नाही. हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

दहाला ढग आले. रेडिओ बंद केला, पंखा बंद, पंप बंद. दर अर्ध्या तासाने मीटर बघून कागदावर लिहून ठेवलं, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी. दोनला हात धुऊन अंडी फिरवली, फुली खाली, गोल वर. एकही आपटलं नाही. तीनला ऊन आलं, तरी मी पंखा लावला नाही. पेटीपाशी खुर्ची ओढून बसलो. दिवसभरात तिचा एकही फोन आला नाही. चार वाजता मलाच राहवेना, पण मीही केला नाही.

सहाला आली. खाद्याची गोणी दारात ठेवली, पाय धुतले, पिशवीतून माझ्यासाठी नवी पँट काढली, आणि खुर्चीत बसून "हुश्श" म्हणाली. पेटीकडे बघितलं नाही. फोन पिशवीतून काढलाच नाही. मी कागद घेऊन शेजारी उभा. शेवटी म्हटलं, "अगं, ढग आले होते आज. मीटर तरी बघ एकदा."

"त्यात काय बघायचं? तुम्ही होतात ना घरी," म्हणाली, आणि चहा मागितला.